परक्याचें घर बांधावयास जातांना

गेल्या सत्रांत एके दिवशीं सकाळच्या प्रार्थनेनंतर असें जाहीर करण्यांत आलें कीं, येत्या सुट्टींत वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी जवळच्या एका खेड्यांत जाऊन गरीब कुटुंबांचीं घरें बांधण्याच्या कामीं मदत करतील. त्याच दिवशीं वर्गांत एका मुलानें उभें राहून मला विचारलें, "सर, आमच्यापैकीं कोणालाहि वीट लावतां येत नाहीं. मग जाण्यायेण्याचा जो खर्च व्हावयाचा, तो त्या लोकांसच कां देऊं नये?" वर्गांत थोडा हशा पिकला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण हा प्रश्न खोडसाळ नसून मार्मिक आहे, आणि जाणत्या लोकांनींहि तो विचारलेला आहे. तास संपल्यामुळें त्या दिवशीं उत्तर अपुरें राहिलें. तें येथें सविस्तर देण्याचा विचार आहे. मुलांस पाठवावयाचें कीं नाहीं हें ठरविणें पालकांकडे असल्यामुळें त्यांनींहि हें वाचावें अशी विनंति आहे.

प्रथम आपण शास्त्राकडे वळूं. जुन्या करारांतील नहेम्याचें पुस्तक पुष्कळ विद्यार्थी नांवांच्या लांबलचक याद्यांमुळें मिटून ठेवतात. परंतु त्याचा तिसरा अध्याय म्हणजे स्वयंसेवकांचें हजेरीपटच आहे. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमाचा तट पडलेला आहे हें ऐकून तो रडला, त्यानें उपास केला, आणि राजाची परवानगी घेऊन तो तेथें गेला. पण गेल्याबरोबर त्यानें कोणावर हुकूम सोडले नाहींत. तीन दिवस तो गप्प राहिला. मग रात्रीं थोडीं माणसें बरोबर घेऊन तटाभोवतीं हिंडला, आणि कोठें काय पडलें आहे तें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. त्यानंतरच तो लोकांशीं बोलला.

काम करावयास आलें कोण? याजक आले, सोनार आले, अत्तरें करणारे आले, व्यापारी आले. यांतील बहुतेकांचा धंदा गवंड्याचा नव्हे. शल्लूम नांवाचा एक अधिकारी तर आपल्या मुलींस घेऊन आला. तकोवा गांवच्या लोकांनीं तटाचा एक भाग उचलला, पण त्यांच्यांतील सरदारांनीं मात्र कामास मान लाविली नाहीं, आणि ही गोष्टहि यादींत टिपून ठेविली आहे! कित्येकांनीं आपापल्या घरासमोरचा तट दुरुस्त केला. अशा रीतीनें ५२ दिवसांत तट पुरा झाला. तेव्हां ज्यास वीट लावतां येत नाहीं त्यानें घरीं बसावें, हा सिद्धांत शास्त्रास मान्य दिसत नाहीं. मात्र त्याच पुस्तकाचा पांचवा अध्याय वाचावयास विसरूं नये. तट चढत असतांनाच गरिबांची ओरड झाली कीं, धान्यासाठीं आमचीं शेतें व घरें गहाण पडलीं आहेत. नहेम्यानें सावकारांस एकत्र बोलावून व्याज सोडावयास व घरें परत करावयास लाविलें. एका हातानें तट बांधावयाचा आणि दुसऱ्या हातानें शेजाऱ्याचें घर गिळावयाचें, हें त्यास खपलें नाहीं.

आतां अलीकडचें उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत अमेरिकस म्हणून एक लहान शहर आहे. त्याच्याजवळ १९४२ सालीं क्लॅरेन्स जॉर्डन व त्यांचे सोबती यांनीं एक शेत घेतलें आणि त्यास 'कॉयनोनिया' हें नांव दिलें. हा ग्रीक शब्द नव्या करारांतील असून त्याचा अर्थ सहभागिता असा आहे. जॉर्डन यांनीं शेतकीचें शिक्षण घेतलें होतें आणि ग्रीक नव्या कराराचेंहि सखोल अध्ययन केलें होतें. त्या भागांत गोरे व काळे यांनीं एका पंक्तीस बसणें त्या काळीं गुन्ह्यासारखें मानीत. या शेतावर ते एकत्र राहत व एकत्र जेवत. याचें फळ म्हणून १९५० नंतरच्या दशकांत त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या, त्यांचें रस्त्याकांठचें दुकान सुरुंगानें उडविण्यांत आलें, आणि गांवच्या व्यापाऱ्यांनीं त्यांच्याशीं देवघेव बंद केली. ते हटले नाहींत; आपल्या शेतांतील पिकान नांवाचीं कवचीचीं फळें टपालानें दूरदूर विकून त्यांनीं पोट भरलें.

या शेतावर १९६५ सालीं मिलर्ड फुलर नांवाचा एक तरुण वकील आला. तो तिसाव्या वर्षाच्या आंतच लक्षाधीश झाला होता. परंतु पैशाच्या मागें लागून त्याचा संसार मोडावयास आला. तेव्हां पतिपत्नींनीं विचार करून आपली मालमत्ता विकली, पैसा धर्मकार्यास दिला, आणि नवा आरंभ केला. पुढें १९६८ पासून जॉर्डन व फुलर यांनीं आसपासच्या गरीब शेतमजुरांसाठीं घरें बांधण्याची एक योजना आंखली. पहिलें घर पुरें होण्यापूर्वींच, १९६९ सालीं, जॉर्डन यांचें देहावसान झालें. फुलर दंपतीनें १९७३ पासून तीन वर्षें आफ्रिकेंतील झाईर (हल्लींचें कांगो) देशांत म्बांडाका शहरीं हीच पद्धत चालवून पाहिली, आणि परत आल्यावर १९७६ सालीं 'हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी' ही संस्था स्थापिली.

या योजनेचें मर्म विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. घर फुकट दिलें जात नाहीं. जितका खर्च आला तितक्याच किंमतीस, कांहीं नफा न घेतां, तें कुटुंबास देण्यांत येतें. ही रक्कम कुटुंबानें लहान हप्त्यांनीं फेडावयाची असते. मूळ योजनेंत या कर्जावर व्याज मुळींच नव्हतें. गरिबास कर्ज दिलें तर त्याजपासून व्याज घेऊं नये, ही निर्गमाच्या २२ व्या अध्यायांतील आज्ञा येथें अक्षरशः पाळण्यांत आली. फेडीचे पैसे एका निधींत पडून त्यांतून दुसऱ्याचें घर उभें राहतें. शिवाय त्या कुटुंबानें आपल्या व शेजाऱ्याच्या घरावर कित्येक तास अंगमेहनत करावयाची. यामुळें घर घेणारा भिकारी ठरत नाहीं आणि देणारा धनीहि ठरत नाहीं. दोघेहि एकाच दोरीवर विटा मांडणारे गडी होतात.

या कामास जगभर प्रसिद्धि मिळाली ती जिमी कार्टर यांच्यामुळें. हे १९७७ ते १९८१ पर्यंत अमेरिकेचे अध्यक्ष होते. निवडणूक हरून ते अमेरिकसजवळच्या आपल्या प्लेन्स गांवीं परतले. त्यांना सुतारकाम चांगलें येई, आणि देवळांत ते शब्बाथशाळेचा वर्ग घेत. १९८४ सालीं ते व त्यांची पत्नी रोझालिन हीं न्यूयॉर्क शहरांत एका मोडक्या सहा मजली इमारतीच्या दुरुस्तीस स्वयंसेवकांसह गेलीं. तेथें १९ कुटुंबांस निवारा मिळाला. त्यानंतर कित्येक वर्षें दर वर्षीं एक आठवडा त्यांनीं या कामास दिला. २०१९ सालीं, वयाच्या ९५ व्या वर्षीं, घरीं पडल्यामुळें कपाळास १४ टांके पडले असतांहि ते नॅशव्हिल येथील घरबांधणीच्या जागीं हजर राहिले. २०२४ च्या डिसेंबरांत त्यांचा अंत झाला.

आपल्या महाराष्ट्राचाहि या कथेशीं संबंध आहे. कार्टर यांच्या आई लिलियन या १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, मुंबईजवळ विक्रोळीस येऊन परिचारिकेचें काम करीत राहिल्या. त्यांना पाठविणारी 'पीस कोअर' ही संस्था मिशनची नव्हे, अमेरिकन सरकारची. परंतु सेवेचा भाव तोच. पुढें चाळीस वर्षांनीं, २००६ सालीं, त्यांचा पुत्र लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरांत हातांत थापी घेऊन उभा राहिला. देशोदेशींचे सुमारे २,००० स्वयंसेवक तेथें जमले आणि १०० घरांचें काम त्यांनीं हातीं घेतलें. कार्ल्याच्या व भाज्याच्या लेण्यांच्या छायेंत परदेशी लोक घमेलीं वाहत आहेत, हा देखावा त्या खोऱ्यानें पूर्वीं कधीं पाहिला नव्हता.

येथवर सेवेची गोड बाजू झाली. आतां माझ्या विद्यार्थ्याची शंका घेऊं. १९९८ सालीं मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत 'मिच' नांवाचें भयंकर वादळ झालें. हजारों माणसें मेलीं, असंख्य घरें वाहून गेलीं. उत्तर अमेरिकेंतून ख्रिस्ती मंडळ्यांचे गटच्या गट घरें बांधावयास धांवले. तेथें राहणारे कर्ट व्हेर बीक नांवाचे एक ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनीं मागाहून या कामाचा अभ्यास करून तो २००६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, स्थानिक लोकांकडून सुमारें २,००० डॉलरांत जें घर होत होतें, तेंच परदेशी गटाचा प्रवासखर्च धरतां सुमारें ३०,००० डॉलरांस पडलें. म्हणजे एका घराच्या खर्चांत पंधरा घरें झालीं असतीं! शिवाय घर कोणीं बांधलें यावरून त्या कुटुंबांच्या पुढील जीवनांत कांहीं विशेष फरक पडलेला दिसला नाहीं. आणि परत गेलेल्या स्वयंसेवकांच्या दानधर्मांतहि फारसा टिकाऊ पालट आढळला नाहीं. हा हिशेब कटु आहे, पण तो एका भक्तिमान मनुष्यानें मांडलेला आहे. आपण तो झांकून ठेवूं नये.

माझा स्वतःचा एक अनुभवहि सांगितला पाहिजे. पंचविशीच्या सुमारास मी एका गटाबरोबर अशाच कामास गेलों होतों. एका विधवेचें घर चाललें होतें. आम्ही दिवसभर मोठ्या उत्साहानें भिंतीचे चार थर चढविले, गाणीं म्हटलीं, छायाचित्रें काढलीं, आणि समाधानानें झोंपलों. पहांटे जाग आली म्हणून बाहेर गेलों, तों कंदिलाच्या उजेडांत म्हातारा गवंडी व ती बाई मिळून आमच्या विटा हलक्या हातानें उतरवीत होतीं. भिंत ओळंब्यांत नव्हती. मला पाहून ती बाई ओशाळली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही एवढे लांबून आलांत, तुमचं मन मोडूं नये म्हणून रात्रीं काढीत होतों." आम्ही तिच्यावर उपकार करावयास गेलों होतों; प्रत्यक्षांत तीच आमचें मन सांभाळीत होती. त्या दिवशीं मीं थापी खालीं ठेविली आणि गवंड्यास विचारलें, "बाबा, मला जमेल असें काम सांगा." त्यांनीं विटा भिजवावयास सांगितल्या. कोरडी वीट मालांतील पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो, हें मला पदवी घेऊनहि ठाऊक नव्हतें.

तर मग जावें कीं न जावें? माझें उत्तर असें आहे कीं, जावें. पण पुढील गोष्टी पाळून जावें.

पहिली गोष्ट, हिशेब. प्रवासाचा खर्च मालमसाल्याच्या खर्चापेक्षां अधिक होत असेल, तर पैसेच पाठवावे आणि घरीं बसून प्रार्थना करावी. म्हणूनच आपण दूरदेशीं न जातां जवळच्या खेड्यांत जात आहों. नहेम्याच्या यादींतील लोकांनीं आपल्या घरासमोरचाच तट उचलला होता.

दुसरी गोष्ट, गवंड्याचा मान. त्याची मजुरी बुडेल असें कांहीं करूं नये. ओळंबा, पाणसळ व थापी त्याच्याच हातीं राहूं द्यावी. आपल्यास करावयास कामें थोडीं नाहींत: पायाचें खोदकाम, वाळू चाळणें, विटा भिजविणें व वाहणें, जोत्यांत मुरूम भरून धुमसानें ठोकणें. बांधकामावर निदान आठवडाभर पाणी मारावें लागतें. हें काम कोणाच्या छायाचित्रांत येत नाहीं, परंतु त्यावांचून भिंतीस बळकटी येत नाहीं.

तिसरी गोष्ट, घरधन्याचा मान. दार कोणत्या दिशेस, चूल कोठें, हें तो सांगेल. आपण सांगूं नये. तो कोणत्या धर्माचा वा जातीचा आहे हें विचारूं नये. आपल्या प्रभूनें सांगितलेल्या गोष्टींतील शोमरोन्यानें वाटेंत पडलेल्या जखमी मनुष्यास असे प्रश्न विचारले नव्हते. घराच्या मोबदल्यांत कोणाचें मन विकत घेणें ही सेवा नव्हे.

चौथी गोष्ट, परत येणें. एकदां जाऊन विसरणें यापेक्षां न जाणें बरें. पावसाळ्यानंतर पुन्हां जाऊन छप्पर गळतें काय तें पाहावें, आणि त्या घरचीं मुलें शाळेंत जातात काय याची चौकशी करावी.

इतकें केल्यावर त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर पुरें होतें. पैसे पाठविल्यानें घर उभें राहील, आणि तेंहि चांगलेंच काम आहे. परंतु डोक्यावर घमेलें घेतल्यावांचून मजुराच्या मानेस काय होतें हें कळत नाहीं. आणि जें कळलें नाहीं त्याविषयीं पुढें अधिकारी, व्यापारी किंवा घरमालक झाल्यावर न्यायानें वागणें कठीण जातें. आज जो मुलगा विटा वाहील, त्यानें उद्यां मजुराची मजुरी थकविली, तर आमची ही सारी शाळा व्यर्थ गेली असें मी समजेन.

पालकांस विनंति एवढीच कीं, मुलांबरोबर नवे कपडे व खाऊ न देतां जुनीं वस्त्रें व एक जाड पंचा द्यावा. ज्या विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला, त्याजकडेच या सहलीचा जमाखर्च सोंपविला आहे. प्रवासास किती गेले आणि विटांस किती, हें तो परत आल्यावर सर्वांसमोर वाचून दाखवील. तो हिशेब ऐकावयास आपण सर्वांनीं अवश्य यावें.