अचल बुद्धी आणि मुरारबाजींची स्वामिनिष्ठा

काशीतील दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यानुपिढ्या नांदत आली आहेत. तेथील एखाद्या घरी सायंकाळी दुसऱ्या अध्यायाचा पाठ संपावा आणि नातवाने विचारावे, "आजोबा, स्थितप्रज्ञ म्हणजे त्या जपानी ॲनिमेतला सामुराई ना? तो हसत नाही, रडत नाही, धन्यासाठी मुकाट्याने तलवार चालवतो." हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यात अर्धे सत्य आहे. उरलेल्या अर्ध्यात मात्र मोठा घोटाळा आहे.

सत्य ते असे. झेन पंथाचे संन्यासी ताकुआन यांनी सतराव्या शतकात यागयू मुनेनोरी या खड्गविद्येच्या आचार्यास एक पत्रवजा ग्रंथ लिहिला. त्याचा विषय अचल प्रज्ञा हाच होय. ज्या 'फुदो' देवतेचा दाखला ते देतात, तिचे मूळ संस्कृत नाव 'अचल' असेच आहे. हा शब्द भारतातून बौद्ध धर्माबरोबर तेथवर गेला. ताकुआन बजावतात की, अचल म्हणजे दगडलाकडासारखे जड नव्हे. दहा माणसे एकामागून एक तलवार उगारून आली, तर चित्ताने प्रत्येकास सामोरे जावे, पण कोणा एकापाशी थबकू नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 53 व्या श्लोकात बुद्धीला लावलेले 'अचला' हे विशेषण जडतेचे नाही, हे समजण्यास हे विवेचन फार उपयोगी पडते. चेहऱ्यावर रेष न उमटणे हे तर केवळ बाह्य लक्षण. ते नटालाही साधते.

घोटाळा आहे तो निष्ठेविषयी. मुकाट्याने धन्यासाठी लढणे एवढ्यानेच स्थितप्रज्ञता सिद्ध होत असती, तर पितामह भीष्मांना खेद करण्याचे कारण नव्हते. युद्धारंभी युधिष्ठिर आशीर्वाद मागण्यास आले, तेव्हा कौरवांच्या अर्थाने आपण बांधले गेलो आहोत, अशी कबुली त्यांनी दिली. निष्ठाही बंधन होऊ शकते, हे महाभारतकारांनी लपवून ठेवलेले नाही.

आता मुरारबाजी देशपांडे यांच्याकडे पाहावे. ते प्रथम जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी होते. 1656 मध्ये जावळी शिवाजीमहाराजांच्या हाती आली आणि ते स्वराज्याच्या सेवेत आले. पुढे 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनी पुरंदरास वेढा घातला. वज्रगड पडला. तेव्हा निवडक सातशे माणसांनिशी मुरारबाजी गडाखाली उतरले आणि पठाणांची फळी फोडीत थेट खानाच्या रोखाने गेले, असे सभासद बखर सांगते. तो पराक्रम पाहून खानाने त्यांना कौल घेण्यास सांगितले. नावाजण्याचे वचन दिले. मुरारबाजींनी तो कौल झिडकारला, आपण शिवाजीमहाराजांचे शिपाई आहोत असे सुनावले आणि ते पुढे चालून गेले. खानाच्या बाणाने ते पडले.

येथे चिकित्सक वाचक विचारील : ज्याने एकदा धनी बदलला, त्याने दुसऱ्यांदा बदलला असता तर काय बिघडले असते? शंका रास्त आहे. परंतु जावळीत राखण्यासारखे राज्यच उरले नव्हते. पुरंदरावर गड उभा होता, धनी हयात होता आणि विश्वासाने मागोमाग उतरलेली माणसे लढत होती. अठराव्या अध्यायातील 43 व्या श्लोकात क्षत्रियाच्या कर्मांत युद्धातून पलायन न करणे सांगितले आहे. त्याचा अर्थ पाठ न दाखविणे एवढाच घेण्याची चाल आहे. तो अपुरा आहे. कौल घेणाऱ्याची पाठ कोणास दिसत नाही. उलट त्याला मानाची वस्त्रे मिळतात. तरीही ते पलायनच. शत्रूच्या तलवारीपाशी चित्त न थबकणे पुष्कळांना साधते, त्याच शत्रूच्या स्तुतीपाशी न थबकणे त्याहून कठीण. गृहस्थाला तलवारीचा प्रसंग येत नाही. पण कौल त्यालाही येतात, कधी वरच्या पगाराच्या रूपाने, कधी भाऊबंदांच्या वाटणीत एकट्याला देऊ केलेल्या चांगल्या खोलीच्या रूपाने.

नायक पडल्यावरही उरलेले लोक गडावर परतले आणि लढत राहिले. जूनमध्ये तह झाला. महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले, त्यांत पुरंदरही होता. ज्या गडासाठी मुरारबाजी पडले, तो महिन्याभरात लेखणीने गेला. 1670 मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला.