अंकोर पाहताना उपासकाने काय पाहावे?



कंबोडियातील अंकोर पाहण्याची गोष्ट घरात निघाली की कोणीतरी हमखास विचारतो, "अंकोर वाट तर विष्णूचे मंदिर. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तेथे जावे काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

प्रतिज्ञा आपल्याला ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानण्यास आणि त्यांची पूजा करण्यास मनाई करते. पाहण्यास, अभ्यास करण्यास, विचार करण्यास ती मनाई करीत नाही. अंकोरला नवस फेडण्यासाठी जाऊ नये, विद्यार्थी म्हणून जरूर जावे.

अंकोर वाट राजा दुसरा सूर्यवर्मन याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविले. ते विष्णूसाठी होते, हे खरे. परंतु पुढे ख्मेर जनतेने बुद्धाचा मार्ग स्वीकारला आणि ते मंदिरही बौद्ध झाले. मधल्या गाभाऱ्याची दारे बंद करून त्यांवर उभ्या बुद्धाच्या मूर्ती कोरल्या गेल्या. भिंतींवरील समुद्रमंथनाचे सुमारे ४९ मीटर लांबीचे शिल्प मात्र आजही जागेवर आहे. जुने फोडून टाकल्यावाचूनही माणसे नवा मार्ग धरू शकतात, हा त्या दगडांतील पहिला पाठ होय. पश्चिमेच्या महाद्वारात विष्णूची आठ हातांची मूर्ती आहे. तिच्यापुढे लोक उदबत्ती लावताना दिसतील. त्यांचा उपमर्द करू नका आणि आपण हातही जोडू नका.

दुसरा पाठ सातव्या जयवर्मनचा. ११७७ साली चंपाच्या सैन्याने राजधानी लुटली. त्यानंतर ११८१ मध्ये हा महायानी बौद्ध राजा गादीवर आला. अंकोर थोम हे तटबंदीचे नगर आणि त्याच्या मध्यभागी शांत, विशाल मुखांचे बायोन मंदिर ही त्याचीच कामे. ११८६ साली त्याने मातेच्या स्मरणार्थ ता प्रोम उभारले, तर ११९१ साली पित्याच्या स्मरणार्थ प्रेह खान. ता प्रोमच्या शिलालेखात राज्यातील १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे आणि प्रेह खानच्या लेखात वाटसरूंसाठी रस्त्यांवर बांधलेल्या १२१ विश्रांतिगृहांचा. प्रजेच्या शरीराला होणारी पीडा राजाला स्वतःच्या पीडेहून अधिक दुःख देते, असा आशय त्याच्या आरोग्यशाळांच्या लेखांत आला आहे. करुणा औषधाच्या रूपाने रोग्याच्या दारी गेली पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते.

तरीही आपण येथे थांबता कामा नये. बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारण्यास शिकविले. हे दगड कोणी वाहिले? कुलेन डोंगरातील वालुकाश्म येथवर आणणारे हात कोणाचे? त्याच ता प्रोमच्या लेखात एका मंदिराच्या सेवेला जुंपलेल्या माणसांची संख्या सुमारे ८० हजार दिली आहे. १२९६ साली आलेला चिनी प्रवासी चौ ता-क्वान तेथील गुलामांविषयी लिहितो. राजा बुद्धाला वंदन करीत होता, पण दास दासच राहिला. म्हणून राजाच्या करुणेला वंदन करताना त्या अनाम कष्टकऱ्यांचे स्मरण ठेवावे. समतेवाचून करुणा अपुरी असते.

तिसरा पाठ सावधगिरीचा. तेराव्या शतकात प्रतिक्रिया उसळली आणि असंख्य बुद्धमूर्ती छिन्नीने खरडून काढल्या गेल्या. बायोनमधील नागाच्या फण्याखाली बसलेली मुख्य बुद्धमूर्ती तुकडे करून मधल्या खोल विवरात फेकली होती. १९३३ साली ती सापडली आणि पुन्हा जोडण्यात आली. मूर्ती फोडली म्हणून धम्म संपला नाही, कारण पुढच्या काळात थेरवाद गावोगावी रुजला. राजवाड्यापेक्षा गावातील विहाराने तो अधिक जपला.

आता शेजारच्या सिएम रीप शहराकडे वळू. दिवसभर दगड पाहून थकलेल्या मुलांना घेऊन संध्याकाळी नदीकाठी खुशाल फिरावे. जुन्या बाजारात मासे, फळे, रेशीम, टोपल्या पाहाव्या. नारळाच्या दुधात शिजविलेला 'आमोक' हा माशाचा पदार्थ चाखावा. सकाळी तांदळाच्या शेवया रस्सा घालून खातात, त्याही चाखाव्या. निर्मळ आनंद घेणे धम्माच्या विरुद्ध नाही. मात्र त्या शहरात मद्यपानाचा गजबजलेला रस्ताही आहे. पाचवे शील परदेशात सुट्टीवर जात नाही, हे तरुणांनी लक्षात ठेवावे.

शहरातून अंकोरकडे जाताना वाट थ्मे हा विहार लागतो. तेथील स्तूपात काचेआड माणसांच्या कवट्या आणि अस्थी ठेवल्या आहेत. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत मारल्या गेलेल्यांच्या त्या अस्थी आहेत. त्या चार वर्षांत भिक्षूंना चीवर उतरविण्यास भाग पाडले गेले, विहारांची कोठारे झाली, लाखो माणसे मेली. तरी आज त्याच विहारांत पुन्हा भिक्षू आहेत. मुलांना तेथे जरूर न्यावे आणि दोन मिनिटे शांत बसावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावे. विहारात पादत्राणे काढावी. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, हा तेथील शिष्टाचार पाळावा. कोरीव कामावर हात फिरवू नये. अंकोरच्या प्रवेशपत्राचा दर २०१७ साली एका दिवसाला ३७ डॉलर आणि तीन दिवसांना ६२ डॉलर असा ठरला होता. निघण्यापूर्वी चालू दराची खात्री करावी. ऊन कडक असते, म्हणून पहाटे निघावे आणि दुपारी विश्रांती घ्यावी. घाईने दहा मंदिरे पाहण्यापेक्षा तीन नीट पाहावी.

अंकोर वाटच्या डागडुजीसाठी भारतीय पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ या काळात काम केले, हेही मुलांना सांगावे.

ज्यांना जाणे परवडत नाही त्यांनी खंत करू नये. हा पाठ घरी बसूनही शिकता येतो. येत्या रविवारी वंदनेनंतर कुटुंबात या तीन प्रश्नांवर चर्चा करावी :

१. पाहणे आणि पूजणे यांत फरक काय?

२. जयवर्मनच्या आरोग्यशाळा मोठ्या की त्याची मंदिरे?

३. आपल्या वस्तीत आज एक चांगले काम काढायचे झाले, तर ते कोणते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कृतीने द्यावे.