क्रम गृहीत धरू नकोस

चि. सोनूस,


तुझा पहिला अहवाल बिनचूक चालला, हे वाचून आनंद झाला. पण ‘ओळी ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने पोस्टग्रेस डेटाबेस परत देतं’ हे तुझं वाक्य खटकलं. याच समजुतीपायी मी एकदा तोंडघशी पडले आहे.

एका बस कंपनीचं काम होतं. पुणे–नाशिक मार्गाचे थांबे ‘स्ट्रिंग ॲग’ फंक्शनने जोडून तिकिटावर छापायचे. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. कित्येक महिने सुरळीत चाललं. मग कुणीतरी मंचरच्या नावातला अनुस्वार दुरुस्त केला, आणि तिकिटावर मंचर थेट सिन्नरच्या पुढे! अपडेट करताना पोस्टग्रेस जुन्या ओळीवर गिरवत नाही. नवी प्रत दुसरीकडे लिहितं. आमची ती शेवटी जाऊन बसली होती.

घाईघाईने मी क्वेरीच्या शेवटी ‘ऑर्डर बाय’ लावलं. मार्गांची यादी नीट लागली, थांबे मात्र तसेच. शेवटचं ऑर्डर बाय तयार निकालाच्या ओळी लावतं. जोडणी तोवर होऊन गेलेली असते. क्रम फंक्शनच्या कंसातच सांगायचा: आधी रकाना, मग स्वल्पविरामाचा विभाजक, सगळ्यात शेवटी ऑर्डर बाय. २०१० च्या ९.० आवृत्तीपासून ही सोय आहे.

‘काउंट’, ‘मॅक्स’ यांना क्रमाचं सोयरसुतक नाही. ‘सम’वर मात्र डोळे मिटून विसंबू नकोस. रकाना ‘डबल प्रिसिजन’चा असेल तर ०.१, ०.२, ०.३ या क्रमाने बेरीज ०.६ पेक्षा किंचित जास्त येते, उलट्या क्रमाने बरोबर ०.६. समांतर प्रक्रिया बेरीज वाटून घेऊ लागल्या की तीच क्वेरी दोनदा चालवूनही शेवटचा अंक हलू शकतो. म्हणून पैशांसाठी नेमका हिशेब ठेवणारा ‘न्यूमेरिक’च वापर.

यात पोस्टग्रेसचा दोष नाही. ओळींच्या क्रमाला अर्थ नाही, हे रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉड यांनी १९७० च्या निबंधातच सांगून ठेवलं होतं. आमच्या टेबलात ‘थांबा क्रमांक’ असा रकानाच नव्हता. कंसात लिहायला गेले तेव्हा कुठे हे ध्यानात आलं. मंचर तिसरं, हे फक्त आम्हाला ठाऊक होतं, टेबलाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझ्या टेबलात असा क्रमाचा रकाना आहे का, तेवढं आजच बघ.

तुझी,
मावशी