कपड्यात टॅग बसवला, पण तो गिऱ्हाईकाच्या काय कामाचा?

या वेळच्या व्हिडिओत आपण कपड्यात शिवायच्या स्मार्ट टॅगबद्दल बोललो. त्यातले मुद्दे वहीत उतरवून घेता यावेत म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

उदाहरण कुंभारीचं घेऊ. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला लागलं की कुंभारी. तिथल्या रे नगरमधल्या ३०,००० घरांच्या प्रकल्पातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ला लोकार्पण झाली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक अशा कष्टकऱ्यांसाठी हा प्रकल्प आहे. आणि सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल जसे आठवतात, तसाच शाळेचा गणवेशही. समजा, एक ताई कुंभारीत घरीच मशीनवर गणवेश शिवते. तिची शिलाई पक्की आहे, पण शर्ट एकदा दुकानात गेला की तो कुणी शिवला हे कुणालाच कळत नाही. पुढच्या जूनमध्ये त्याच मुलाची आई भलतीकडूनच गणवेश घेते. आपला आजचा विषय हाच आहे: विकलेल्या कपड्यातून गिऱ्हाईक परत कसं यावं?

आधी टॅग ओळखा

तीन प्रकार लक्षात ठेवा.

१. क्यूआर लेबल: सॅटिनच्या पट्टीवर छापलेला कोड. मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचतो. यूपीआयमुळे हा सगळ्यांच्या सवयीचा झालाय.

२. एनएफसी टॅग: आत बारीक चिप. बॅटरी लागत नाही. मोबाइल टेकवला की पान उघडतं, पण त्यासाठी मोबाइलमध्ये एनएफसी हवं. स्वस्तातल्या बऱ्याच मोबाइलमध्ये ते नसतं.

३. यूएचएफ आरएफआयडी: मोठ्या दुकानांत माल मोजायला वापरतात. साध्या मोबाइलला तो वाचता येत नाही. म्हणजे गिऱ्हाईकाशी बोलायला तो आपल्या कामाचा नाही.

माझं मत विचाराल तर गणवेशाला क्यूआर लेबलच पुरे. महागड्या कपड्याला एनएफसीचा विचार करा. हिशोब सोपा आहे. समजा एनएफसी टॅग २० रुपयांना पडला आणि शर्टामागे तुम्हाला ४० रुपये सुटतात, तर निम्मी कमाई टॅगमध्येच गेली!

मग गिऱ्हाईकाचे प्रश्न लिहा

इथेच बहुतेक जण चुकतात. टॅग स्कॅन केला की ‘आमच्याविषयी’ असं पान उघडतं. अहो, मुलाची आई शर्ट हातात घेऊन तुमचा इतिहास वाचायला बसलेली नसते! तिचे प्रश्न वेगळे असतात, आणि ते वेळेप्रमाणे बदलतात.

- पहिल्या धुण्याला: रंग जाईल का? इस्त्री किती गरम चालेल?
- दोन महिन्यांनी: बटण तुटलं, शिलाई उसवली, कुणाला सांगू?
- दिवाळीनंतर: याच रंगाचा अजून एक शर्ट मिळेल का?
- जूनमध्ये: मुलगा वाढलाय, पुढचं माप कोणतं घेऊ?

तिसरा प्रश्न नीट बघा. कापडाचा लॉट बदलला की निळ्या रंगाच्या छटेतही फरक पडतो, हे शिवणाऱ्याला माहीत असतं, गिऱ्हाईकाला नसतं. टॅगच्या कोडमध्ये लॉट नंबर असेल तर तुम्ही लगेच सांगू शकता, "ताई, तेच कापड आहे", किंवा "या वेळी छटा थोडी वेगळी येईल". खरं सांगितलं की गिऱ्हाईक टिकतं.

पान कसं असावं?

एकाच स्क्रीनवर मावेल एवढंच ठेवा. ॲप नको, लॉगिन नको, ओटीपी नको. वर कपड्याचा कोड आणि माप. त्याखाली तीन मोठी बटणं: ‘धुवायचं कसं’, ‘दुरुस्ती हवी’, ‘पुन्हा हवा’. शेवटची दोन बटणं दाबली की व्हॉट्सॲप उघडावं आणि मेसेज आधीच लिहिलेला असावा: "कोड ४१७, माप ३०, असाच एक शर्ट हवा." तिने फक्त पाठवायचं.

आणखी एक. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घरोघरी बोलतात. लांबलचक मजकुरापेक्षा वीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून टाका. शेजारच्या ताईकडून तेलुगूत, कन्नडमध्येही बोलून घ्या. खर्च शून्य.

चार चुका टाळा

पहिली चूक माझीच. एका प्रशिक्षणात मी फुकटच्या लिंक सेवेवरून कोड बनवून दोनशे लेबलं छापायला लावली. काही महिन्यांनी ती फुकट सेवा बंद झाली. लेबलं कपड्यांत शिवलेली, आणि स्कॅन केलं की काहीच उघडेना. तेव्हापासून मी सांगतो: पत्ता स्वतःच्या डोमेनचा घ्या. आतलं पान कधीही बदला, छापलेला पत्ता तोच राहतो. एनएफसी टॅग एकदा कायमचा लॉक केला की त्यातला पत्ता बदलता येत नाही, म्हणून तिथे तर हे हवंच.

दुसरी: टॅगमध्ये मुलाचं नाव किंवा पालकांचा नंबर टाकणे. टॅग कुणीही वाचू शकतं. फक्त कोड ठेवा. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे, हेही लक्षात असू द्या.

तिसरी: न तपासता शिवणे. लेबल कॉलरखाली किंवा बाजूच्या शिलाईत लावा, पण कोड दुमडता कामा नये. कोड निदान दोन सेंटिमीटरचा ठेवा. एनएफसी असेल तर धुण्याचा टॅग मागा, स्टिकर नको, आणि धातूच्या चेन-बटणापासून तो लांब ठेवा. एक नमुना वीस वेळा धुवा, इस्त्री करा, मगच ऑर्डर द्या.

चौथी सगळ्यात नाजूक. तुम्ही दुकानासाठी जॉबवर्क करत असाल तर मालकाला न विचारता स्वतःचा टॅग लावू नका. हातचं कामही जाईल. उलट बोलणी करा: पानावर वर दुकानाचं नाव, खाली ‘शिलाई’ म्हणून तुमचं. पुन्हा ऑर्डर दुकानाकडेच जाईल, पण त्या कोडचं काम तुमच्याकडेच येईल, एवढं ठरवून घ्या. दुकानदाराचं गिऱ्हाईक टिकतं आणि तुमचं काम टिकतं.

अस्सल-नकलीचं काय?

हा प्रश्न नेहमी येतो, कारण दुसरीकडची चादर सोलापुरी म्हणून विकली जाते ही आपली जुनी तक्रार आहे. परदेशात मॉनक्लेअरसारखा ब्रँड २०१६पासून जॅकेटमध्ये एनएफसी चिप देतो, ते नकली माल ओळखण्यासाठी. पण साधा क्यूआर कुणीही झेरॉक्स करू शकतं. त्यामुळे ‘क्यूआर आहे म्हणजे अस्सल’ असं गिऱ्हाईकाला सांगू नका. सोलापुरी चादरीला जीआय आहे, हातमागाला हँडलूम मार्क, रेशमाला सिल्क मार्क. लागू असेल ती खूण रीतसर घ्या आणि मग पानावर दाखवा. टॅग ती खूण दाखवतो, तिची जागा घेत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

टॅग विकत घेऊ नका. आधी तुमच्या पाच जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा आणि एकच विचारा: "कपडा घरी नेल्यावर तुम्हाला काय अडलं?" पाच उत्तरं वहीत लिहा. त्यातलं जे दोनदा आलं, ते तुमचं पहिलं बटण. वहीच्या पानाचा फोटो पाठवा, पुढच्या व्हिडिओत आपण त्यातूनच एक पान प्रत्यक्ष बनवू.