बंद गाडीची काळजी

(यंत्र वापरले नाही, तर ते जसेच्या तसे राहते असे आपल्याला वाटते. हे खरे आहे का, ते या पाठातून समजून घेऊ या.)

आमचे घर सांगलीत, कृष्णा नदीजवळच्या सखल भागात आहे. आयर्विन पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्येही पूर आला. दोन्ही वेळा आमच्या घरात पाणी शिरले.

माझे मोठे भाऊ, म्हणजे भाईजान, सैन्यात आहेत. मे २०२२ मध्ये रजा संपताना त्यांनी आपली जुनी मोटारसायकल साताऱ्याला मामूंकडे नेऊन ठेवली. मामूंचे घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उंचावर आहे. गाडी पुरापासून वाचली, म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

ऑक्टोबरमध्ये भाईजान रजेवर आले. त्याच रात्री मामींचे दम्याचे औषध संपले. त्यांना श्वास घेता येईना. भाईजानांनी किकवर किक मारल्या. पण गाडी सुरू झालीच नाही. शेवटी ते पायी धावत जाऊन औषध घेऊन आले. ते येईपर्यंत मामी तळमळत होत्या. सुदैवाने औषध वेळेवर मिळाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी उघडली. टाकीत गंज चढला होता. कार्बोरेटरमध्ये चिकट थर साचला होता. बॅटरी उतरली होती. सायलेन्सरमध्ये उंदरांनी चिंध्या भरल्या होत्या.

मामू म्हणाले, "अहो, गाडी चार महिने जागची हललीसुद्धा नाही. मग बिघडली कशी?"

मिस्त्री हसून म्हणाले, "हलली नाही, म्हणूनच बिघडली!"

पुढच्या मे महिन्यात गाडी ठेवण्यापूर्वी मिस्त्रींनी आमच्याकडूनच सगळी कामे करून घेतली आणि प्रत्येक कामाचे कारणही सांगितले.

प्रथम आम्ही गाडी धुऊन कोरडी केली व साखळीला तेल लावले. इंजिनातील जुने ऑइल बदलले, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ल व पाणी धातू खातात. मग टाकी काठोकाठ भरली. रिकाम्या जागेतील हवेत बाष्प असते; त्याचे पाणी होऊन टाकी गंजते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. आपल्या भागातील उसापासूनही ते तयार होते. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

नंतर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवले. त्यामुळे कार्बोरेटर रिकामा झाला. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडले, दोन-चार किक मारल्या आणि प्लग पुन्हा बसवला. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवली. ती महिन्यातून एकदा चार्ज करायचे काम मामूंनी घेतले. चाकांत हवा भरून गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. सायलेन्सरच्या तोंडात कापड कोंबले आणि विसरू नये म्हणून हँडलला लाल फीत बांधली. वर सुती चादर घातली. प्लॅस्टिकखाली ओल कोंडून राहते. चूल किंवा शेगडी गाडीच्या जवळ असता कामा नये, हेही मिस्त्रींनी बजावले.

मी विचारले, "दर आठवड्याला दोन मिनिटे इंजिन सुरू केले तर?"

"नको," मिस्त्री म्हणाले. "तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, उलट आत पाणी साचते."

कॅनडासारख्या थंड देशांत बर्फामुळे लोक हिवाळ्यात गाड्या बंद ठेवतात. तेही अशीच तयारी करतात. आपल्याकडे बर्फ नाही, पावसाळा आहे. ऋतू वेगळा, पण काम तेच.

त्या वर्षी भाईजान रजेवर आले. त्यांनी लाल फीत सोडली, कापड काढले, बॅटरी जोडली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. दारात उभ्या असलेल्या मामींनी समाधानाने मान डोलावली.

वस्तू वापरात नसली, तरी तिची काळजी घ्यावीच लागते. तरच ती गरजेच्या वेळी उपयोगी पडते.

शब्दार्थ
सखल – खालच्या पातळीवरचा
पायथा – डोंगराचा खालचा भाग
बाष्प – पाण्याची वाफ
काठोकाठ – अगदी वरपर्यंत

स्वाध्याय
१. भाईजानांनी गाडी साताऱ्याला का ठेवली?
२. कारणे लिहा : (अ) टाकी पूर्ण भरली. (आ) हँडलला लाल फीत बांधली.
३. तुमच्या घरातील बंद असलेल्या एखाद्या वस्तूची काळजी कशी घ्याल? पाच वाक्ये लिहा.