‘पिक्चर कसा वाटला?’ विचारू नका!

एन.एस.एस.च्या कॅम्पला गावातल्या नववी-दहावीच्या मुलांना पिक्चर दाखवणार असाल, तर ‘कसा वाटला?’ विचारू नका. उत्तर ठरलेलं : ‘भारी!’ त्याऐवजी विचारा, ‘काय दिसलं? काय ऐकू आलं?’

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) घ्या. डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या थांबतो, घरचेही थांबतात; डुक्कर निसटतं. हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवा, मग आवाजासकट. पहिल्यांदा माणसं उगाच थांबल्यासारखी वाटतात. अर्थ आवाजात होता, हे मुलांना आपोआप कळतं.

पुढे डुक्कर बांबूला बांधून नेतात, तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई दिसतात. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ‘कॅमेरा इथेच का ठेवला?’ उत्तर मुलांना शोधू द्या. आपण सांगून टाकलं की तास संपला.

शेवटी जब्याचा दगड थेट आपल्याकडे येतो. ‘का?’ एवढंच विचारा. मात्र समोर एखादा जब्याही बसलेला असेल, म्हणून कुणाच्या जातीचा, घरच्या धंद्याचा विषय काढायचा नाही. प्रश्न जब्याला नाहीच. त्याला हसणाऱ्या गर्दीत आपण कुठे उभे होतो, हा आहे.