धावावे किती, थांबावे केव्हा?

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. पहाटेच्या रस्त्यावर धावणारी प्रौढ माणसे हे आता नवलाचे दृश्य राहिलेले नाही. दिवसभर खुर्चीत बसून काम करणारेही त्यांत असतात. मात्र उत्साह ओसरण्यापूर्वीच पुष्कळांचे गुडघे किंवा नडग्या कुरकुरू लागतात. याचे कारण शरीराच्या जडणघडणीत आहे.

नियमित धावण्याने हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना आणि प्रत्यक्ष हाडांना मात्र त्यासाठी काही महिने लागतात. दम लागत नाही म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि पाय मागे पडतात. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, आणि एका किलोमीटरला सुमारे हजार पावले पडतात. या भाराला उत्तर म्हणून हाड आधी आपला जुना अंश काढून टाकते व मग नवा बांधते. मधल्या काळात ते किंचित दुबळे असते. त्याच वेळी भार वाढत राहिला, तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो.

म्हणून नवख्याने आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड धावणे उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला किमान ७५ मिनिटे जोमदार व्यायाम पुरतो. तीन दिवस पंचवीस-पंचवीस मिनिटे धावले की तो हिशेब पूर्ण होतो. आरंभी एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असा क्रम ठेवावा. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे.

आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, हा नियम सर्वतोमुखी आहे. तो ऐकायला शास्त्रीय वाटतो, एवढेच. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो पाळणाऱ्यांच्या दुखापती कमी झालेल्या आढळल्या नाहीत. २०२५ साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष अधिक उपयोगी आहे. मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी बरेच अधिक धावले की दुखापतीचा धोका वाढतो. आठवडाभर सवड नाही म्हणून रविवारी सगळी कसर भरून काढणाऱ्या नोकरदारांचा घात येथेच होतो.

धावण्याआधी ताटकळत स्नायू ताणत बसण्याने फारसे साधत नाही. ऑस्ट्रेलियन सैन्यातील १५३८ नवसैनिकांवरील २००० सालच्या अभ्यासात त्याने दुखापती लक्षणीय प्रमाणात घटल्या नाहीत. त्यापेक्षा पाच मिनिटे भरभर चालावे. पोटऱ्या व मांड्या बळकट करणारे व्यायाम आठवड्यातून दोनदा करावेत. बुटांच्या किमतीपेक्षा ते पायाला सुखावह आहेत का, हे पाहावे.

स्नायूंचा सर्वसाधारण ठणका दोन-तीन दिवसांत जातो. हाडावर बोट टेकवून दाखवता येईल अशी एकाच जागी असलेली, रात्रीही सतावणारी वेदना असेल, तर मात्र धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना भेटावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे तर सर्वस्वी टाळावे.

मार्चअखेरच्या कामांत तीन-चार आठवडे खंड पडला, तर पूर्वीच्या अंतराच्या निम्म्यापासून पुन्हा आरंभ करावा.